लूट : शब्द एक, आठवणी दोन

उत्तरायणाला आमच्या हरणीत पोरे छपरांवरून धावत कापलेला पतंग ‘लुटतात’. गुजरातीत त्याला हाच शब्द आहे. आपल्या घरी दसऱ्याला सोने ‘लुटले’ जाते. दोन्ही भाषांत हा शब्द सणाच्या दिवशी हसत वावरतो. परंतु इतिहासाच्या तासाला तो आला की वर्गात जरा चुळबूळ होते. एखादा पटेलांचा मुलगा मिस्कीलपणे सुरतेचे नाव काढतो आणि मराठी घरातली मुले माझ्याकडे पाहू लागतात. सुरतेचे उत्तर सोपे आहे. १६६४ ची आणि १६७० ची स्वारी ही एका राज्याने शत्रूच्या श्रीमंत बंदरावर, हिशेबाने आणि शिस्तीने केलेली होती. तिची तुलना जमावाने फोडलेल्या दुकानाशी होत नाही. खरा अवघड प्रश्न सुरतेचा नव्हे, १९५६ च्या मुंबईचा आहे. तो मात्र सहसा कोणी विचारत नाही. मराठी घरात तो गैरसोयीचा, आणि गुजराती घरात पाहुण्यासमोर काढण्यासारखा नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हापासून अकरा वर्षे मुंबई ही आम्हा बडोदेकरांचीही राजधानी होती. मुंबई कोणाची, हा वाद म्हणूनच आमच्यासाठी दूरचा नव्हता. दांडिया बाजारातली मराठी कुटुंबे आणि मुंबईच्या बाजारपेठांतली गुजराती कुटुंबे यांची स्थिती आरशातल्यासारखी होती; दोघेही दुसऱ्याच्या भाषेच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून घोषणा केली, की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. चळवळीच्या प्रमुख पुढाऱ्यांची धरपकड झाली होती. पुढचा आठवडाभर मुंबई पेटली. मोरारजीभाईंच्या सरकारच्या पोलिसांनी ठिकठिकाणी गोळ्या झाडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा आकडा १०५ म्हणून सर्वतोमुखी झाला आणि पुढे १०६ मानला गेला. त्यातले बरेचसे बळी या एका आठवड्यातले आहेत.

इथवर आपण मुलांना शिकवतो. परंतु त्याच आठवड्यात मुंबईत गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने फोडली गेली, लुटली गेली, आणि ज्यांचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता अशा गुजराती कुटुंबांना भयाने दारे लावून बसावे लागले, हेही तितकेच खरे आहे. ते आपण एका ओळीत उरकतो किंवा ‘समाजकंटकांनी संधी साधली’ म्हणून मोकळे होतो. समाजकंटक होतेच. मोठ्या शहरात ते नेहमीच असतात आणि गर्दीची वाट पाहत असतात. परंतु समाजकंटकाला दुकानाच्या पाटीवरचे आडनाव वाचण्याची गरज नसते. त्या आठवड्यात पाट्या वाचल्या गेल्या. ही गोष्ट मला आपल्या इतिहासलेखनात हवी तितक्या स्पष्टपणे लिहिलेली आढळत नाही.

असे का घडले? माझ्या मते याचे उत्तर माणसांच्या वाईटपणापेक्षा घटनांच्या क्रमात आहे. प्रथम गोळीबार होतो. मग जमावाला ‘थांबा’ म्हणू शकतील अशी माणसे तुरुंगात जातात. मग अफवा येते. राग ज्यांच्यावर आहे ते सचिवालयात बंदोबस्तात बसलेले असतात, तिथे हात पोहोचत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोहोचतो. पुढाऱ्यांना पकडले की चळवळ थंड होईल, हा प्रत्येक सरकारचा समज असतो. प्रत्यक्षात मागे उरते ती चळवळीवाचूनची गर्दी. याचा अर्थ दुकान फोडणारा निर्दोष, असा नाही. दुकानदाराच्या दृष्टीने कुलूप कोणत्या क्रमाने तुटले याला महत्त्व नसते.

या लुटीची किंमत चळवळीने मोजली. ‘मुंबई मराठी राज्यात गेली तर इतर भाषिकांचे काय होईल?’ असे विचारणाऱ्यांना त्या आठवड्याने आयते उत्तर पुरवले. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी होती असे लोकसभेत सांगितले. मागणी रास्तच होती. माझे एवढेच म्हणणे, की फुटलेल्या दुकानांची चौकशीही त्याच मागणीच्या पोटात असायला हवी होती.

आता इकडे पाहू. ८ ऑगस्ट १९५६. मुंबईसह सर्वांचे एकच द्वैभाषिक राज्य होणार हे ठरले आणि अहमदाबादचे विद्यार्थी भद्र भागातल्या काँग्रेस हाऊसवर चालून गेले. तिथे गोळीबार झाला, कोवळी पोरे मेली. मग अहमदाबादेतही जाळपोळ झाली. मुख्यमंत्री तेच, पोलीस त्याच राज्याचे. जानेवारीत ज्या मोरारजींना मराठी माणूस गुजरात्यांचा कैवारी म्हणत होता, त्यांच्याच राजवटीत ऑगस्टमध्ये गुजराती मुले पडली. आमच्या बडोद्यात हे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसत होते. कदाचित त्यामुळेच असेल, मुंबईच्या बातम्या येऊनही येथल्या शेजाऱ्यांचे शेजारपण टिकले, असे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मी ऐकत आलो आहे.

त्या ऑगस्टात अहमदाबादकरांनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. मोरारजीभाई समजूत घालायला आले, सभा ठरली, उपोषण झाले. आणि लोक घराबाहेरच पडले नाहीत. याला ‘जनता कर्फ्यू’ म्हटले गेले. (२०२० साली हा शब्द पुन्हा ऐकला तेव्हा आमच्या मुलांना तो नवा वाटला!) सरकारने लादलेला कर्फ्यू मोडायला माणूस बाहेर पडतो, आपण होऊन पाळलेल्या कर्फ्यूत रस्ताच रिकामा असतो, मग दुकान फोडणार कोण? पुढे २ ऑक्टोबरला नेहरूंची अहमदाबादेत सभा झाली. त्याच वेळी इंदुलाल याज्ञिकांनी समांतर सभा घेतली, तिथे लोटलेली गर्दी मोठी होती, आणि सारे शांततेत पार पडले.

महाराष्ट्रानेही धडा घेतला होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एस. एम. जोशी यांच्यासारखा साने गुरुजींच्या परंपरेतला माणूस तिचा सरचिटणीस झाला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. जानेवारी ५६ चा राग विझलेला नव्हता. तरीही घोषणा झाल्या, काळी निशाणे फडकली, आणि दगड उचलला गेला नाही. लोक तेच होते. फरक एवढाच, की या वेळी त्यांचे पुढारी तुरुंगात नव्हते, रस्त्यावर त्यांच्यासोबत उभे होते.

१९७४ ची कथा वेगळी. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसचे बिल वाढले आणि त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. १० जानेवारीला अहमदाबाद आणि बडोदा बंद होते. दोन दिवस दंगल झाली. पुढे ४४ शहरांत संचारबंदी, अहमदाबादेत लष्कर, ९ फेब्रुवारीला चिमणभाई पटेलांचा राजीनामा आणि मार्चमध्ये विधानसभेचे विसर्जन. सारे मिळून शंभराच्या आसपास माणसे गेली. या वेळी फोडली गेली ती धान्याची आणि तेलाची दुकाने. शेंगतेलाचे भाव कडाडले होते, ‘तेलिया राजां’नी साठे केले आणि सरकारने त्यांच्याशी संगनमत केले असा आरोप घरोघर होता. बायका थाळ्यांवर लाटणी बडवून सरकारचा मृत्युघंट वाजवीत. त्यात आमच्या आळीतल्या मराठी बायकाही होत्या. कोणाचे आडनाव काय, हे त्या वेळी पाहिले गेले नाही. कोणाच्या वखारीत काय दडले आहे, ते पाहिले गेले.

अशा लुटीला जुनी परंपरा आहे. १७७५ साली फ्रान्समध्ये पिठासाठी दंगे झाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी जमावाने पीठ लुटून नेले नाही, ते ताब्यात घेऊन स्वतः ठरवलेल्या ‘वाजवी’ भावाने विकले. ई. पी. टॉमसन या इंग्रज इतिहासकाराने १९७१ मध्ये अशा दंग्यांमागे एक नैतिक अर्थकारण असते असे मांडले. त्याच शतमानाने पाहिले तर आपले उदाहरण १८७५ चे, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचे. १२ मे रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दुकाने लुटली गेली, परंतु पुढे गावोगाव उठाव पसरला तो मुख्यतः कर्जरोख्यांसाठी. रोखे मिळाले की ते जाळायचे; जिथे निमूट दिले तिथे माणसाला सहसा हात लागला नाही, असे चौकशी आयोगाला दिसले. तिथेही सावकार मुख्यतः गुजर आणि मारवाडीच होते, हे विसरू नये. भुकेचा राग आणि परक्याचा राग वेगळे काढणे पुस्तकात जितके सोपे, तितके सुप्याच्या बाजारात नव्हते. बडोद्यातही १९७४ ला ज्या छोट्या दुकानदाराचे दोन डबे तेल गेले, त्याचा साठेबाजीशी संबंध असेलच असे नाही.

गुजरातचे पाहून बिहार उठला. १८ मार्च १९७४ रोजी पाटण्यात जाळपोळ झाली, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या पेटवल्या गेल्या. मग जयप्रकाशजींनी अहिंसेच्या अटीवर नेतृत्व पत्करले आणि ८ एप्रिलला मूक मोर्चा काढला. तोंडाला पट्ट्या आणि हात पाठीमागे. ज्याचे हात पाठीमागे आहेत तो दगड उचलू शकत नाही, आणि दुकानाचे फळकूटही उचकटू शकत नाही.

यंदा दहावीच्या मुलांना मी सुटीचा एक उद्योग दिला आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचे : ५६ साली तुम्ही कोठे होता, ७४ साली कोठे होता, आणि त्या दिवसांत तुमच्या गल्लीतले कोणते दुकान बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही? गुजराती मुलांनी गुजरातीत, मराठी मुलांनी मराठीत लिहायचे आणि मग वह्या आपसात बदलून वाचायच्या. एका मराठी मुलीने आताच पान आणून दिले. तिच्या पणजीने शेजारच्या काकीचा पितळेचा पिंप आठवडाभर आपल्या माजघरात ठेवून घेतला होता. कोणत्या साली, ते पणजीला आठवत नाही. पिंपात काय होते, तेही तिने उघडून पाहिले नव्हते.