चिनी मातीचे उत्खनन व पर्यावरण

चिनी माती (केओलीन) : ग्रॅनाइटमधील फेल्स्पार या खनिजाचे विघटन होऊन बनणारी पांढरी, मऊ माती, पोर्सेलीनचा मुख्य कच्चा माल. केओलीन हे नाव चीनमधील ज्यांग्शी प्रांतात चिंगडेझन या कुंभारकामाच्या शहराजवळ असलेल्या गाओलिंग (‘उंच धार’) या ठिकाणावरून आले. आपल्याकडची लोणच्याची बरणीही ‘चिनी मातीची’ म्हणवते. तिची माती मात्र बहुधा निराळी, राखट आणि जाड्याभरड्या पोताची असते.

उत्खननाच्या परिणामांची भरपूर माहिती इंग्लंडमधील कॉर्नवॉलविषयी मिळते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्या भागाचे आहे.

कॉर्नवॉल : प्लिमथचे औषधविक्रेते विल्यम कुकवर्दी यांना १७४६ च्या सुमारास ट्रेगॉनिंग टेकडीवर ही माती आढळली. १७६८ मध्ये त्यांनी पोर्सेलीनचे एकस्व घेतले. पुढे सेंट ऑस्टेल परिसर या धंद्याचे केंद्र बनला.

खाणीच्या कड्यावर मोठ्या दाबाने पाण्याचा झोत मारतात आणि दुधासारखे गढूळ पाणी खाली उतरते. त्यातली जाड वाळू आधी तळाशी बसते, मग अभ्रक. माती सर्वांत बारीक असल्याने शेवटपर्यंत पाण्यातच राहते. ती निवळवून वाळवतात. एक टन मातीमागे सुमारे ९ टन दगड, वाळू व अभ्रक टाकाऊ निघते. धंदा मातीचा असला, तरी उपसा मुख्यतः टाकाऊ मालाचाच.

या वाळूच्या पांढऱ्या शंकूंना ‘कॉर्निश आल्प्स’ म्हणतात. अभ्रकाचे पाणी पूर्वी ओढ्यांत सोडून देत. सेंट ऑस्टेल नदीला ‘पांढरी नदी’ हेच नाव पडले. तळच्या गोट्यांवर अभ्रकाची चमचमती साय धरे. दगडांखालचे किडे आणि त्यांवर जगणारे मासे विरळ झाले. या नदीच्या मुखाशी असलेले पेंटवनचे छोटे बंदर गाळाने बुजले. पुळण मात्र वाढली व आज तीवर पर्यटक येतात.

१९६६ मध्ये वेल्समधील अबरफान येथे कोळसाखाणीचा ढीग शाळेवर घसरून १४४ जण दगावले. त्यांत ११६ मुले होती. ही घटना मातीच्या खाणीतली नव्हे, पण तिच्यानंतर कॉर्नवॉलमध्येही उंच शंकू रचणे सोडून सपाट माथ्याचे ढीग करू लागले.

पुनर्वसन : टाकाऊ वाळूत नायट्रोजन जवळजवळ नसतो. म्हणून लिव्हरपूल विद्यापीठाचे अँथनी ब्रॅडशॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे क्लोव्हर, ल्युपिन अशा हवेतला नायट्रोजन धरणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती लावून पाहिल्या. खाणींचे खड्डे टाकाऊ मालानेच बुजवणे सोपे वाटते. परंतु तळाशी विकाऊ माती उरलेली असते, त्यामुळे खाणवाले सहसा राजी होत नाहीत. बोडेल्व्हा खाणीच्या खड्ड्यात २००१ मध्ये ईडन प्रकल्प हे वनस्पतिउद्यान खुले झाले. तेथे झाडांना रुजायला मातीच नव्हती. खाणीतला टाकाऊ माल व कंपोस्ट मिसळून सुमारे ८५,००० टन माती बनवावी लागली.

कॉर्नवॉलच्या मातीचा मोठा वाटा कागदाला झिलई देण्यासाठी जात आला आहे. त्यामुळे या हानीचा सारा दोष कपबशीच्या माथी मारणे बरोबर नाही.

पोर्सेलीनचा इतर कच्चा माल : क्वार्ट्झ व फेल्स्पार दळताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीने कामगारांना सिलिकोसिस होऊ शकतो.

भारत : केरळ, गुजरात, राजस्थान व पश्चिम बंगाल येथे खाणी आहेत, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात साठे आढळतात.