आरव्ही-प्रवाशांचा यजमान-मुक्काम

आरव्ही-प्रवाशांचा यजमान-मुक्काम : झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेल्या वाहनातून प्रवास करणाऱ्यांनी खाजगी मालकाच्या आवारात, शेतात किंवा द्राक्षमळ्यात, बहुधा भाडे न देता, एक किंवा मोजक्या रात्री वाहन उभे करून राहणे, तसेच अशा मुक्कामात पाहुणा व यजमान यांनी पाळावयाचे संकेत. अशा वाहनास अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ किंवा संक्षेपाने ‘आरव्ही’ म्हणतात. ब्रिटनमध्ये स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनास ‘मोटरहोम’ आणि मोटारीमागे ओढून न्यावयाच्या वाहनास ‘कॅराव्हॅन’ म्हणण्याचा प्रघात आहे. भाड्याच्या तळावर पाणी, वीज, सांडपाणी व मुक्कामाचा अवधी यांविषयीच्या अटी पावती आणि नियमफलक ठरवितात. यजमान-मुक्कामात त्यांपैकी पुष्कळशा अटी संकेतांवर सोपविलेल्या असतात. यजमान देतो ती केवळ जमीन, बाकी सारे पाहुण्याने स्वतःबरोबर आणावे आणि स्वतःबरोबरच परत न्यावे, हे या संकेतांचे मूळ सूत्र होय.

संज्ञा : पाणी, वीज व मलवाहिनी यांच्या जोडणीशिवाय मुक्काम करण्यास अमेरिकेत ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. डोंगर या अर्थाच्या ‘बुन्दोक’ या टागालोग शब्दावरून ‘बूनडॉक्स’ म्हणजे आडरान हा शब्द फिलिपीन्समधील अमेरिकी सैनिकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. आप्त किंवा मित्र यांच्या दारात, त्यांच्याच विजेवर व पाण्यावर राहण्यास थट्टेने ‘मूचडॉकिंग’ म्हटले जाते. या शब्दातील ‘मूच’ म्हणजे फुकटेपणा.

इतिहास : या प्रथेचा आरंभ नेमका कोणत्या देशात झाला, याविषयी एकवाक्यता नाही, लेखी नोंदी मुख्यतः वाहनमालकांच्या संघटनांच्या उपलब्ध आहेत. ‘एअरस्ट्रीम’ या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरांचे निर्माते वॉली बायम यांच्या सफरींतून १९५५ मध्ये कॅनडातील नोव्हास्कोशा प्रांतात केंटव्हिल येथे ‘वॉली बायम कॅराव्हॅन क्लब’ स्थापन झाला. त्याच्या सदस्यांच्या ट्रेलरांवर सदस्यक्रमांक ठळक लाल अंकांत लावला जाई आणि सदस्यांच्या सूचीत, इतर सदस्यांना आपल्या आवारात रात्रीपुरती जागा देणाऱ्यांची नोंद ‘कर्टसी पार्किंग’ या नावाने होत असे. अनोळखी वाहन दारात आले, तरी लाल अंक व सूची यांच्या आधारे त्याची ओळख पटे. पुढे यजमान व पाहुणे यांची गाठ घालून देणाऱ्या जाळ्यांनी स्वीकारलेल्या पूर्वपरिचयाच्या तत्त्वाचे हे सुरुवातीचे रूप म्हणता येईल. न्यूझीलंडमध्ये १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यूझीलंड मोटर कॅराव्हॅन असोसिएशन’ या संघटनेने सदस्यांच्या मुक्कामासाठी उपलब्ध असलेल्या खाजगी जागांना ‘पार्क ओव्हर प्रॉपर्टी’ अशी संज्ञा दिली. अमेरिकेतील ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’ ही संघटना जुलै १९६३ मध्ये मेन राज्यातील हिंकली येथे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी जमलेल्या वाहनमालकांच्या मेळाव्यातून निघाली.

शेतकरी व द्राक्षमळेवाले यांना यजमान करून घेणारी संघटित योजना म्हणून फ्रान्समधील ‘फ्रान्स पॅशन’ या १९९३ मध्ये सुरू झालेल्या योजनेचा निर्देश केला जातो. सदस्य वर्षाची मार्गदर्शिका विकत घेतो, ओळखीची चिठ्ठी वाहनाच्या काचेवर लावतो आणि सूचीतील यजमानाकडे चोवीस तासांपर्यंत विनामूल्य राहू शकतो; यजमानाचा माल विकत घेण्याची सक्ती नसते. अमेरिकेत ‘हार्वेस्ट होस्ट्स’ हे मद्यशाळा, शेते, संग्रहालये इत्यादींचे जाळे याच धर्तीचे आहे, तर २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘बूनडॉकर्स वेलकम’ या जाळ्यात यजमान बहुतांशी साधे घरमालक व स्वतः आरव्हीधारक असतात. २०२१ मध्ये हे दुसरे जाळे पहिल्याने विकत घेतले.

कायदेशीर स्थिती : ब्रिटनमध्ये ‘कॅराव्हॅन साइट्स अँड कंट्रोल ऑफ डेव्हलपमेंट ॲक्ट, १९६०’ या कायद्यानुसार मानवी वस्तीसाठी कॅराव्हॅन उभी करावयाच्या जागेस परवाना लागतो, कायद्याच्या अर्थाने मोटरहोमचाही ‘कॅराव्हॅन’ मध्ये समावेश होतो. पहिल्या परिशिष्टात दिलेल्या अपवादांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत. प्रवाशाची एकच कॅराव्हॅन कमाल दोन रात्री राहिली व त्या जागेवर मागील बारा महिन्यांत अशा वस्तीचे दिवस २८ पेक्षा अधिक झाले नाहीत, तर परवाना लागत नाही. पाच एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वर्षातून २८ दिवसांपर्यंत तीन कॅराव्हॅन चालतात. मान्यताप्राप्त संघटनेने प्रमाणित केलेल्या छोट्या तळावर त्या संघटनेच्या सदस्यांच्या पाच कॅराव्हॅन एका वेळी राहू शकतात. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या कॅराव्हॅन क्लबचे, म्हणजे आजच्या ‘कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ चे, शेतांवरील ‘सर्टिफिकेटेड लोकेशन’ या प्रकारात मोडतात. ‘दोन रात्री’ ही मर्यादा ब्रिटिश पाहुणा सभ्यतेची खूण मानतो, पण तिच्यामागे ही कायद्याची तरतूद आहे. पाहुण्याच्या तिसऱ्या दिवसाविषयी मराठी म्हणीत असलेला इशारा तेथे परिशिष्टात आलेला आहे.

नॉर्वे व स्वीडन या देशांत परक्याच्या पडीक जमिनीवर तंबू ठोकून राहण्याचा सार्वजनिक हक्क आहे. नॉर्वेतील १९५७ च्या कायद्यानुसार वस्तीच्या घरापासून १५० मी. अंतर राखावे लागते. हा हक्क पायी हिंडणाऱ्याचा असून मोटारवाहनाला तो लागू होत नाही, त्यामुळे खाजगी जागेत वाहन नेण्यास मालकाची परवानगी लागतेच. अमेरिकेत याविषयी नियम गाव व कौंटीगणिक भिन्न आहेत. अनेक ठिकाणी निवासी भूखंडावर वाहन उभे करण्यास मुभा असते, परंतु त्यात झोपण्यास नसते.

आगमनापूर्वीचे संकेत : पाहुण्याने वाहनाची लांबी, उंची व वजन, सोबतची माणसे व जनावरे, येण्याची वेळ आणि जाण्याचा दिवस हे आधी कळवावे आणि होकार आल्यावाचून वाट धरू नये. अमेरिकेतील मोठ्या वाहनांची उंची सु. ४ मी. पर्यंत असते, म्हणून आवारातील झाडांच्या फांद्या व विजेच्या तारा यांचीही चौकशी अपेक्षित असते. अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे. वाहन फाटकाबाहेर थांबवून, चालकाने खाली उतरून आतला रस्ता पायी पाहून यावा आणि मगच वाहन आत घ्यावे. मागे घेताना सोबत्याने चालकाच्या आरशात दिसेल अशा जागी उभे राहून हाताने खुणा कराव्यात, कारण रात्री उशिरा आरडाओरडा करीत वाहन लावणे हा शेजाऱ्यांना होणारा पहिला उपद्रव असतो.

जागा : यजमानाने दाखविलेल्या जागेवरच वाहन लावावे. मोठ्या आरव्हीचे वजन दहा टनांच्या वर जाऊ शकते. हिरवळीखाली मैलाटाकीचे झाकण किंवा तिच्यातील पाणी जमिनीत जिरविणाऱ्या सच्छिद्र नळांचे जाळे असल्यास ते या भाराने फुटते आणि ते यजमानाला बहुधा पाहुणा निघून गेल्यावर, दुर्गंधीवरून कळते. वाहन समतल करणारे हायड्रॉलिक पाय उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात वाटीएवढी खोल खूण उठवितात, म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडी फळी ठेवण्याचा संकेत आहे. तेल गळणाऱ्या इंजिनाखाली पुठ्ठा अंथरावा. आरव्हीधारकांच्या संघटनांनी पुरस्कारिलेल्या ‘गुड नेबर पॉलिसी’ या संकेतावलीत, दुकानांच्या वाहनतळांवरील मुक्कामासाठी, एकच रात्र राहणे, आधी परवानगी घेणे, छत, खुर्च्या व शेगडी बाहेर न मांडणे आणि जागा मिळाली त्याहून स्वच्छ ठेवून जाणे हे नियम सांगितले आहेत. खाजगी यजमानाकडे त्यांपैकी खुर्च्यांचा नियम सैल होतो; मात्र आधी विचारावे, असा प्रघात आहे.

पाणी व सांडपाणी : शिष्टाचाराचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. आरव्हीत सामान्यतः तीन टाक्या असतात : ताज्या पाण्याची, मोरी व न्हाणीच्या सांडपाण्याची आणि शौचकूपाची. इंग्रजीत दुसऱ्या टाकीतील पाण्यास ‘ग्रे वॉटर’ व तिसऱ्या टाकीतील पाण्यास ‘ब्लॅक वॉटर’ म्हणतात. मराठीत ‘काळे पाणी’ या शब्दाला अंदमानचा संदर्भ चिकटलेला असल्याने येथे ‘मैलापाणी’ हा शब्द योजला आहे. तिन्ही टाक्या असलेले व काही दिवस बाहेरच्या सोयींवाचून चालणारे वाहन ‘स्वयंपूर्ण’ मानतात, आणि बहुतेक जाळ्यांत अशाच वाहनांना प्रवेश असतो, तंबूवाल्यांना नसतो. स्वयंपूर्णतेची काटेकोर व्याख्या न्यूझीलंडच्या ‘एनझेडएस ५४६५’ या मानकात आढळते : तीन दिवसांसाठी माणशी १२ लि. ताजे पाणी, तितकेच सांडपाणी साठविण्याची सोय व शौचकूपासाठी माणशी किमान ३ लि. साठा. तेथील २०११ चा ‘फ्रीडम कॅम्पिंग ॲक्ट’ सार्वजनिक जमिनीपुरता आहे. २०२३ च्या दुरुस्तीने स्वयंपूर्ण म्हणविणाऱ्या वाहनात कायम बसविलेले शौचकूप आवश्यक ठरविले.

मैलापाणी यजमानाच्या जागेत कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. यजमानाची मैलाटाकी जवळ असली व त्याने भिडेखातर होकार दिला, तरी तिचे झाकण उघडून नळी सोडणे गैर समजले जाते. वाहनातील शौचकूपात वापरली जाणारी काही रसायने मैला कुजविणाऱ्या जीवाणूंना मारक असतात, आणि एका वेळी ओतलेल्या शेकडो लिटर पाण्याने तळाचा गाळ ढवळून जिरविण्याच्या नळांत शिरतो. टाक्या येण्यापूर्वी अधिकृत उपसा-केंद्रावर रिकाम्या कराव्यात व निघाल्यावर पुन्हा तेथेच जावे. सांडपाणी झाडांना घालण्याबाबत मतभेद आहेत : काही यजमान ते चालवून घेतात, तथापि खरकटे व साबण यांमुळे माशा व उंदीर येतात आणि अनेक ठिकाणी कायद्यानेही त्यास मनाई आहे. ताजे पाणी भरावयाचे झाल्यास विहिरीचे पाणी किती आहे, हे आधी विचारावे.

वीज : अमेरिकेतील घरगुती खटका (प्लग बसविण्याची खोबण) १२० व्होल्टचा व १५ अँपिअरचा, म्हणजे कमाल १,८०० वॉटचा असतो, आरव्हीची लहान जोडणीसुद्धा ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॉटची असते. जोडतुकडा लावून ती घरगुती खटक्यात बसविता येते. परंतु त्यामुळे खटक्याची क्षमता वाढत नाही. छतावरील एक वातानुकूलक जवळजवळ सगळा भार घेतो. त्याच्या जोडीला पाणीतापक किंवा सूक्ष्मलहरी चूल लावली, तर यजमानाच्या घरातील फ्यूज उडतो. म्हणून वीज देऊ केली असता ती बॅटरी भरण्यापुरती घ्यावी, जाड तारेची वाढीव दोरी गुंडाळी सोडवून पूर्ण पसरावी आणि तासाभराने खटक्याला हात लावून पाहावा. तो गरम लागल्यास भार कमी करावा. जनित्राचा आवाज व धूर यांमुळे ते रात्री १० पासून सकाळपर्यंत बंद ठेवण्याचा संकेत आहे.

शेतावरील वागणूक : उघडे फाटक उघडे व मिटलेले मिटलेलेच ठेवावे. कुत्रा दोरीने बांधलेला असावा. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवरील जनावरांना कुत्र्याने त्रास दिल्यास मालक अपराधी ठरतो. यजमानाच्या जनावरांना विचारल्यावाचून खाऊ घालू नये. सरपण दूरवरून आणू नये : २००२ मध्ये मिशिगन राज्यात आढळलेल्या व ॲश वृक्षांची खोडे पोखरणाऱ्या ‘एमरल्ड ॲश बोरर’ या भुंगेऱ्याच्या प्रसारास प्रवाशांनी नेलेले सरपण कारणीभूत ठरले आहे. सुगीच्या दिवसांत पहाटे ट्रॅक्टर व फवारणी यांची जाग असते. त्याविषयी तक्रार करणे अप्रशस्त मानले जाते.

परतफेड : मद्यशाळा किंवा शेत यांच्याकडे राहिल्यास तेथील थोडा माल विकत घेणे रूढ आहे. घरगुती यजमानास पैशांपेक्षा आपल्या गावची एखादी वस्तू, हाताने केलेला पदार्थ किंवा लहानसहान दुरुस्तीत मदत देण्याची प्रथा आहे. वीज वापरल्यास तिचा खर्च वेगळा देऊ करावा. रोख रक्कम घेतल्याने मुक्कामाचे स्वरूप बदलते का, हा प्रश्न वादग्रस्त आहे : अमेरिकेतील बहुतेक राज्यांत करमणुकीसाठी विनामूल्य जमीन वापरू देणाऱ्या मालकाचे अपघातविषयक उत्तरदायित्व कायद्याने मर्यादित केलेले आहे आणि मोबदला घेतल्यास ते संरक्षण सामान्यतः राहत नाही; घराच्या दारातील जागेला ते लागू होते का, याविषयी एकमत नाही. विमाकंपन्यांच्या अटीही भिन्न आहेत.

ओळख व भेट : यजमान बोलावील तरच घरात जावे. न्हाणीघर किंवा कपडे धुण्याचे यंत्र यांची मागणी करू नये. गप्पा किती माराव्यात हे यजमानाच्या कलाने ठरते. स्वतः आरव्हीधारक असलेला यजमान बहुधा प्रवासाच्या हकीकती ऐकण्यासाठीच जागा देतो, तर द्राक्षमळेवाल्यास दुकान बंद झाल्यावर निवांतपणा हवा असतो.

प्रस्थान : ठरलेल्या वेळी निघावे, मुदतवाढ स्वतःहून मागू नये, कचरा सोबत न्यावा. वाहन हलविल्यावर चालकाने उतरून रिकाम्या जागेवर एक फेरी मारावी. फळ्या, पाचर व तेलाचे डाग याच वेळी दिसतात.

यजमानाची कर्तव्ये : जागेतील धोके सांगणे, नकार द्यावयाचा तर वेळेवर देणे आणि पाहुण्याच्या वाहनात न डोकावणे.

भारत : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याचा भर कॅराव्हॅन व त्यांच्यासाठीचे सोयींनी युक्त तळ यांवर आहे.