‘मेट्रन’पासून मनोऱ्यापर्यंत

मी खारघरची. आमच्याकडचं मध्यवर्ती कारागृह नावाने तळोजा, पत्त्याने खारघर. त्यामुळे तुरुंगखात्यातली माणसं इथे शेजारी भेटतात.

आमच्या मजल्यावर एक महिला कारागृह शिपाई राहायच्या. आधी दुसऱ्या जिल्ह्यात होत्या. तिथे सहा वर्षं महिला बराक आणि भेटीला आलेल्या बायकांची झडती, बस्स. मनोऱ्यावरची ड्युटी मागितली, तर उत्तर यायचं, “ताई, तुमच्या सोयीसाठीच आहे हे.” आणि पुरुष सहकारी कुरकुरायचे, की रात्रपाळ्या सगळ्या आमच्याच माथी! म्हणजे एकाच ड्युटीच्या यादीवर दोघंही नाराज. गंमत नाही, दोघांचंही खरं होतं.

ही यादी जुनी आहे हो. १८९४ चा तुरुंग कायदा काढा. त्यात अधीक्षक आहे, जेलर आहे, वैद्यकीय अधिकारी आहे. कर्मचारी बाई दिसते ती कलम २४ मध्ये, ‘मेट्रन’ म्हणून. काम काय, तर स्त्री कैद्यांची झडती. पुढची शंभरेक वर्षं आपले तुरुंग याच कायद्यावर चालले.

तेव्हा दुसरी भिंत होती वर्णाची. मोठ्या तुरुंगांचे अधीक्षक बरेचदा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे गोरे लष्करी डॉक्टर असत. पण १९३२ मध्ये, पुणे करार झाला तेव्हा, येरवड्याचे अधीक्षक होते मेजर भंडारी. हिंदी माणूस! मात्र तेही डॉक्टरांच्या सेवेतून आलेले, शिपायापासून चढत नव्हे.

बाईच्या बाबतीतही तसंच झालं बघा. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली, तेव्हा राज्याच्या कारागृहांच्या प्रमुख होत्या मीरा बोरवणकर. त्या आल्या आयपीएसमधून. मला त्यांचा अभिमानच आहे, पण बराकीतल्या शिपाईबाईची शिडी त्याने एक पायरीही लांबली नाही. तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा हवी, असं मुल्ला समितीने १९८३ मध्येच सांगितलं होतं. ती काही झाली नाही.

सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे मुली येतायत. आत आल्यावर ड्युटी कुठली, ते यादी लिहिणारा ठरवतो.

शेजारणीची मध्यंतरी बदली झाली. परवा फोन आला, तिथे मनोऱ्यावर ड्युटी मागितलीय म्हणे. हवालदाराने विचारलं, “रात्रीची पण करणार का, बाई?”

“नाव लिहा,” म्हणाल्या.