तारापूरच्या भट्टीचं सरपण

तारापूरच्या अणुवीजकेंद्रासाठी चूल आणि सरपण या दोन्हींचा सौदा एकाच कागदावर झाला. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेने करार केला. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधायच्या, इंधन अमेरिकेने तीस वर्षं पुरवायचं आणि भारताने त्या भट्ट्यांत तेच जाळायचं, दुसरं नाही. परदेशातून युरेनियम आणण्याच्या आपल्या रिवाजाचं मूळ बऱ्याच अंशी या शेवटच्या अटीत आहे.

युरेनियम आपल्याकडे नव्हतंच असं नाही. १९५१ मध्ये बिहारमधल्या (आताच्या झारखंडातल्या) जादुगुडाला साठा सापडला होता. पण ते धातुक कंगाल. टनभर दगड फोडून जेमतेम अर्धा-पाऊण किलो युरेनियम हाती लागायचं. शिवाय निसर्गातल्या युरेनियमात भट्टी पेटवणारा २३५ हा प्रकार शंभरात एक भागही नसतो, ०.७ टक्के असतो. तारापूरसाठी निवडलेल्या भट्टीला तो दोन टक्क्यांहून जास्त लागे. तसं समृद्ध युरेनियम करायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती.

मग होमी भाभांनी ही भट्टी का घेतली? नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचा पुरस्कार तर ते स्वतःच करत होते. पण मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना वीज हवी होती, कोळशाच्या खाणी शेकडो मैल दूर होत्या आणि समोरून बांधून तयार भट्टी अत्यल्प व्याजाच्या कर्जासह येत होती. सौदा मोहात पाडणाराच होता. भाभा १९६६ मध्ये गेले. ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली.

सरपण यायचं तेही गमतीदार. समृद्ध युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या रूपात, पोलादी नळकांड्यांत भरून येई. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्याची भुकटी करायची, भुकटी दाबून औषधाच्या गोळीएवढ्या काळ्या गोळ्या पाडायच्या, त्या पक्क्या भाजायच्या, धातूच्या नळ्यांत एकावर एक रचायच्या आणि नळ्यांच्या जुड्या बांधून तारापूरला धाडायच्या.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुस्फोट केला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. ते तुर्भ्याच्या सायरस या संशोधन-भट्टीतलं होतं. तिचा आराखडा कॅनडाचा, जड पाणी अमेरिकेचं. पण झळ लागली तारापूरला. चोर सोडून संन्याशाला सुळी! (पोखरणला चोरी म्हणावं की नाही, तो वाद निराळा.) १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला: सगळे अणुप्रकल्प तपासणीला खुले करा, नाहीतर इंधन नाही. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टनांची खेप सोडायचं ठरवलं, तेव्हा प्रतिनिधीगृहाने ती धुडकावली आणि सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ मतांनी कशीबशी वाचली. तारापूरच्या, म्हणजे पालघरकडच्या किनाऱ्यावरच्या, दिव्यांचं भवितव्य वॉशिंग्टनमध्ये दोन मतांवर टांगलेलं होतं.

१९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांनी तोडगा काढला. करार अमेरिकेचाच राहील, सरपण फ्रान्स देईल. १९९३ मध्ये कराराची मुदत संपली आणि फ्रान्सनेही हात आखडता घेतला. मग १९९५ मध्ये चीनने इंधन दिलं. हो, चीननेच! २००१ मध्ये रशियाची खेप आली, तेव्हा अमेरिकेने नाराजी दाखवली. मधल्या काळात तारापूरने थोडं प्लुटोनियम मिसळलेलं इंधनही जाळून पाहिलं.

पुढे देशी युरेनियमही अपुरं पडलं. २००८ च्या सुमारास नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या इतर भट्ट्या निम्म्या ताकदीवर रखडत होत्या. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अणुसामग्री विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला खरेदीची सूट दिली. हा गट जन्मालाच आला होता पोखरणच्या स्फोटामुळे. मग फ्रान्स, रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान असे विक्रेते जोडले गेले. १९७४ नंतर पाठ फिरवलेल्या कॅनडानेही २०१५ मध्ये तीन हजार टनांहून अधिक युरेनियमचा सौदा केला.

राहिली राख. जळालेल्या इंधनात प्लुटोनियम असतं. ते काढून घ्यायला अमेरिकेची संमती हवी होती, ती मिळाली नाही. अमेरिकेने ते इंधन परतही नेलं नाही. पुनर्प्रक्रियेचा कारखाना तारापुरातच, भट्ट्यांच्या शेजारी उभा असताना त्या जुड्या पाण्याच्या हौदांत पडून राहिल्या, आणि हौद अपुरे पडू लागले तेव्हा त्यांच्यासाठी त्याच आवारात आणखी एक कोठार बांधावं लागलं.