पहारा, भगदाड आणि ठिगळ

पहाऱ्याचा इतिहास म्हटला की किल्ले आणि तिजोऱ्या डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज ज्या पहाऱ्याची हकीकत सांगणार आहोत त्याला ना बुरूज होता, ना दिंडी दरवाजा. तो संगणकाच्या पोटात बसविलेला होता. २०१२ साली तो कसा फसला आणि कसा सावरला गेला, हे पाहताना कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला ओळखीचे असे बरेच काही आढळते. यंत्रविद्येचे शिक्षण आम्ही कोणत्याही विद्यालयात घेतलेले नाही. वाचून आणि विचारून जे उमगले तेवढेच मांडतो.

१९९५ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा नावाची भाषा जगापुढे ठेवली. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख रचनाकार. या भाषेतील प्रोग्रॅम संगणकाला थेट हुकूम देत नाही. मध्ये एक मुकादम असतो. त्याला रनटाइम म्हणतात. प्रोग्रॅमचा हुकूम तो वाचतो आणि यंत्राकडून काम करवून घेतो. त्यामुळे एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या संगणकांवर चालू शकतो. याच सोयीमुळे परक्या ठिकाणाहून आलेले छोटे प्रोग्रॅम, ज्यांना ॲपलेट म्हणत, लोकांच्या ब्राउझरमध्ये चालू लागले.

पण परका तो परकाच. त्याला ओसरीवर बसवावे, माजघरात येऊ देऊ नये, हा आपल्याकडचा रिवाज. जावानेही तोच पाळला. ॲपलेटने घरच्या फायली वाचू नयेत, दुसरा प्रोग्रॅम सुरू करू नये, असे बंधन होते आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यास एक पहारेकरी नेमलेला होता. या पहाऱ्यात फटी आहेत हे फार लवकर दिसले. १९९६ सालीच प्रिन्स्टन विद्यापीठातील ड्र्यू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी त्या दाखवून दिल्या आणि त्या बुजविल्याही गेल्या. १९९८ अखेरच्या आवृत्तीत पहाऱ्याची रीत अधिक बारीक झाली. नाजूक काम मागितले की ते कोणी मागितले, त्याला कोणी सांगितले, अशी सारी साखळी तपासावयाची. साखळीत एकही परका आढळला तर नकार द्यावयाचा. मात्र घरच्या विश्वासू नोकराने 'ही जबाबदारी माझी' असे म्हटले, तर तपासणी तेथेच थांबे.

मर्म याच सवलतीत आहे. विश्वासू नोकर परक्याच्या सांगण्यावरून काम करू लागला, तर पहारेकऱ्याला नोकराचाच चेहरा दिसतो. कुंपणाने शेत खाल्ल्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. येथे कुंपण प्रामाणिक होते. चोराने त्यालाच भुलवून वाट काढून घेतली.

ऑगस्ट २०१२ मध्ये जे उघडकीस आले ते असे. जुलै २०११ मध्ये निघालेल्या जावाच्या सातव्या आवृत्तीत घरच्याच काही भागांना असे भुलविता येत होते. ॲपलेटने एका भागाकरवी आतल्या खोलीतील दुसरा भाग हाती घेतला. त्या दुसऱ्याजवळ खाजगी कप्पे उघडण्याची किल्ली होती. ती वापरून ॲपलेटने स्वतःच्या परवान्यावर 'सर्व अधिकार' असे लिहून घेतले. मग त्याने शेवटचा हुकूम दिला : पहारेकऱ्याला घरी पाठवा. पुढे घर मोकळेच होते. अधिकारवाढीचा दोष म्हणतात तो हाच. त्यासाठी घरधन्याने फक्त एखादे दूषित पान उघडणे पुरेसे होते.

आता तारखा पाहू. आमच्या मते खरा इतिहास तारखांत आहे. पोलंडमधील सिक्युरिटी एक्स्प्लोरेशन्स या छोट्या संस्थेने, ॲडम गोवदियाक यांच्या पुढाकाराने, एप्रिल २०१२ मध्ये जावातील १९ दोष कंपनीला कळविले होते. २०१० पासून जावाची मालकी ओरॅकल कंपनीकडे होती. तिच्या दुरुस्त्या फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर अशा ठरल्या महिन्यांत निघत. जूनमध्ये कळविलेल्यांपैकी थोडेच दोष दुरुस्त झाले. बाकीचे ऑक्टोबरची वाट पाहत राहिले. चोर मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबले नाहीत. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात हल्ले उघड झाले आणि ३० ऑगस्टला कंपनीने वेळापत्रक मोडून तातडीचे ठिगळ काढले. दुसऱ्याच दिवशी गोवदियाक यांच्या संस्थेने त्या दुरुस्त आवृत्तीतही नवे भगदाड असल्याचे कळविले.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जावातील एका निराळ्या दोषावरचे ठिगळ ओरॅकलने १४ फेब्रुवारीलाच दिले होते. परंतु ॲपल कंपनी आपल्या मॅक संगणकांसाठी जावा स्वतःच्या हाताने पुरवीत असे. तिच्या ग्राहकांपर्यंत ते ठिगळ ३ एप्रिलला, म्हणजे ४९ दिवसांनी पोहोचले. त्या अवधीत फ्लॅशबॅक नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम शिरला. रशियातील डॉक्टर वेब संस्थेने बाधित संगणकांचा अंदाज सहा लाखांच्या वर दिला. औषध तयार होते, कपाटात होते. रोग्यापर्यंत गेले नव्हते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. घाईने लावलेल्या ठिगळाने शेजारचे कापड फाटते. याच रनटाइमवर पेढ्यांचे आणि कचेऱ्यांचे हिशेब चालतात. दुरुस्ती तपासून पाहण्यास वेळ लागतो. हे खरे आहे आणि ऑगस्टच्या अनुभवाने ते सिद्धही झाले. पण वेळ लागणे निराळे आणि वेळापत्रकाची वाट पाहणे निराळे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालणे सक्तीचे केले, त्यामागील विचार साधा होता : धोका ज्याला ठाऊक आहे आणि दुरुस्ती ज्याच्या हाती आहे, त्याच्यावरच जबाबदारी. बोटे कामगाराची जातात आणि पट्टा मालकाचा असतो, म्हणून तारीख एकट्या मालकाने ठरवू नये. संगणकाच्या बाबतीत बोटे वापरणाऱ्याची आहेत, एवढाच फरक.

दडपणाचा उपयोग झाला. जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा असाच दोष उघड झाला. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि ठिगळ काही दिवसांतच आले. त्याबरोबर अनोळखी ॲपलेट चालविण्यापूर्वी वापरणाऱ्याला विचारण्याची कडक रीत मूळचीच करण्यात आली. ऑक्टोबर २०१३ पासून जावाच्या ठरल्या दुरुस्त्या वर्षातून चार वेळा निघू लागल्या. पुढे ब्राउझरांनी ॲपलेटांना दार बंद केले. तो जुना पहारेकरीही २०२१ मध्ये निवृत्तीच्या यादीत घातला गेला आणि मार्च २०२५ च्या चोविसाव्या आवृत्तीत कायमचा निष्क्रिय झाला. ठिगळावर ठिगळ लावून अखेर ती रीतच सोडावी लागली.

या हकीकतीतून आम्ही एकच गोष्ट उचलतो. माणसांनी बनविलेल्या वस्तूत दोष राहणारच. त्यासाठी कारागिराला सुळावर देण्याचे कारण नाही. दोष कळल्यापासून ठिगळ शेवटच्या घरी पोहोचेपर्यंतचे दिवस मात्र कोणाच्या तरी खात्यावर मांडले पाहिजेत. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतचे दिवस आणि ते ४९ दिवस ज्यांच्या अंगावर पडले, त्यांना असा काही अवधी चालू आहे याची वार्ताही नव्हती. आपल्या संगणकावर दुरुस्तीची सूचना येते तेव्हा आपण 'नंतर पाहू' म्हणून ती मिटवितो. त्या वेळी तेच खाते आपण आपल्या नावावर चालू करीत असतो. कंपनीकडे त्वरेची मागणी करणाऱ्याने निदान आपल्या हातचा दिवस वाया घालवू नये.