आमच्या हायस्कूलचा निकाल



निकालाचा आकडा पाहून शाळा जोखण्याची रीत जुनी आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. पुण्याच्या बोर्डाची पहिली एस.एस.सी. १९४९ साली. परीक्षेचे नाव बदलले, पण लहान गावातल्या हायस्कूलची अब्रू शेकडा किती पास, यावरच ठरत राहिली.

१९६८ साली मी अकरावीत होते. शाळेच्या चाचणीत जे उतरत, त्यांचेच फॉर्म बोर्डाकडे जात. मी गणितात कच्ची. माझा फॉर्म अडवला गेला. त्या वर्षी निकाल उत्तम लागला म्हणून शाळेत पेढे वाटले. धाकट्या भावाने आपला पेढा घरी आणला. आईने तो देवापुढे ठेवला, बोलली काहीच नाही. पुढल्या वर्षी मी पास झाले. पण माझ्याबरोबर अडवलेल्या दोघींची तोवर लग्ने होऊन गेली होती.

हिशेब साधा आहे. समजा, पाचवीत ४० मुली आल्या, १० परीक्षेला बसल्या, ९ पास झाल्या. निकाल ९० टक्के! वाटेत गळालेल्या ३० जणी त्या आकड्यात कुठेच नाहीत.

१९७५ पासून एस.एस.सी. दहावीला आली, तरी टक्केवारी काढतात ती परीक्षेस बसलेल्यांचीच. गुणवंत मुलींचा सत्कार आपले मंडळ हौसेने करते, तो करावाच. मात्र त्याच दिवशी पाचवीचा जुना पट मागवावा, आणि ज्यांची नावे मध्येच थांबली, त्यांच्या घरी आपणच जाऊन यावे.