दसऱ्यानंतरची मुले

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे ठाणे म्हणून ख्यात आहे. परंतु नवरात्र सरून सीमोल्लंघन झाले, की या मुलखातील कितीएक कुटुंबे खरोखरीच सीमा ओलांडून ऊसतोडीला निघतात, आणि येथल्या मुलांच्या मनाची बखर लिहावयाची तर तिचा आरंभ या प्रस्थानापासूनच करणे प्राप्त आहे.

1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, दप्तरी जमीनमहसुलाचा हिशेब असे, शाळा मात्र विरळ. पुढे 1950 च्या सुमारास नगर जिल्ह्यात लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग इतर कारखाने निघाले, आणि बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तोडणीच्या मजुरीची वाट सापडली. 1972 च्या दुष्काळाने ती वाट रुळली. जायकवाडीच्या उजव्या कालव्याने तालुक्याच्या काही शिवारांत पाणी खेळू लागल्यावरही ती मोडली नाही.

कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. एकट्याचा अर्धा कोयता. म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकावयाचे, आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी या धास्तीने तिचेही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे 44 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात शिरतात, एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते. इकडे पाचटाच्या कोपीत थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कळशी भरते, भाकरी थापते, आणि गावच्या शाळेत हजेरीपटावर तिच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी मांडली जाते. चैत्राच्या आसपास ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, मैत्रिणी दुरावलेल्या असतात, आणि घरात फिटलेल्या-न फिटलेल्या उचलीची कुजबूज चाललेली असते.

मनोविकारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या 14 व्या वर्षाच्या आत मूळ धरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते वय येथे कोपीत जाते. मनाच्या दुखण्यावर औषधोपचार हवेतच. 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा आहे, ती प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहिलेली असावी. पण दुखणे जडण्याआधीचा उपाय या मुलखाने आपल्या अनुभवानेच शोधलेला आहे, तो असा की मुलाला गावात राहू द्यावे. पूर्वी हे काम आजी करी: नातवंडांना पोटाशी घेऊन ती हंगाम काढी, आणि त्या मुलांची शाळा, सवंगडी व अंथरूण ही तिन्ही जागच्या जागी राहत. आजी थकली, तेव्हा कारखान्यांच्या आवारात साखरशाळा आल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे आली. या दोहोंत मला वसतिगृह अधिक मोलाचे वाटते, कारण तेथे मुलाचा गाव सुटत नाही.

मात्र मुकादमाची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही दाराशी उभी राहू शकते, आणि वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद दिवाळीनंतर आला तर मूल तोवर गाडीत बसलेले असते. मंजुरी घटस्थापनेपूर्वी हाती पडली पाहिजे.